बांधावरची वाइन

इटलीतल्या फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमध्ये मधल्या टेकड्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या मारामाऱ्या चालल्या होत्या. शेवटी दोन्हीकडच्या शहाण्यांना कंटाळा आला आणि त्यांनी तोड काढली. अमुक दिवशी कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघेल आणि दोघं जिथं समोरासमोर येतील तिथं हद्द. सिएनाकरांनी पांढराशुभ्र कोंबडा निवडला आणि दाणापाणी घालून त्याला गुबगुबीत केलं. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा घेतला, खुराड्यात कोंडला आणि उपाशी ठेवला. ठरलेल्या दिवशी हा काळा भुकेनं बेजार होऊन तांबडं फुटायच्या कितीतरी आधीच ओरडत सुटला. पांढरा भरल्या पोटी साखरझोपेत. फ्लॉरेन्सचा स्वार पार फोन्तेरूतोली गावापर्यंत, म्हणजे सिएनापासून साधारण बारा किलोमीटरवर येऊन ठेपला, तेव्हा कुठे त्याला समोरून येणारा घोडा दिसला. कियांती नावाचा जवळजवळ सगळा मुलूख अशा रीतीनं फ्लॉरेन्सच्या पदरात पडला.

ही दंतकथा आहे हे कियांतीतले लोकही मान्य करतात; फक्त मान्य करताना बाटली पुढे सरकवतात. बाटलीच्या गळ्यावर तोच काळा कोंबडा. उपाशी ठेवून फसवणूक करवून घेतलेल्या प्राण्याचा इतका सन्मान जगात दुसरीकडे झालेला माझ्या तरी ऐकिवात नाही.

पुढची भांडणं मात्र दंतकथा नव्हेत. १७१६ साली तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची यानं फर्मान काढून कियांतीची हद्द कागदावर आखली. वाइनच्या मुलखाला कायद्यानं चतुःसीमा घालून देण्याचा जगातला हा अगदी आरंभीचा प्रकार. कारण उघड होतं : नाव मोठं झालं की शेजारच्या गावाला अचानक आठवतं की आपणही मूळचे तेच. १९२४ मध्ये कियांतीच्या काही उत्पादकांनी आपलं नाव राखण्यासाठी संघ काढला आणि कोंबड्याला बोधचिन्ह केलं. तरीही १९३२ मध्ये सरकारनं हद्द ऐसपैस वाढवली आणि आजूबाजूच्या टेकड्यांनाही ‘कियांती’ म्हणवून घ्यायची मुभा दिली. मूळ पुरुषांनी मग आपल्या नावापुढे ‘क्लासिको’ लावून घेतलं. थोडक्यात, आम्ही मोठ्या घरचे.

कोंबड्याला खरी हार पत्करावी लागली ती कॅलिफोर्नियात. तिथं गॅलो नावाच्या कुटुंबाची अवाढव्य वाइन कंपनी आहे, आणि इटालियनमध्ये कोंबड्यालाही गॅलोच म्हणतात. कंपनी कोर्टात गेली. १९९१ साली तिथल्या न्यायालयानं निकाल दिला की कियांतीच्या संघानं अमेरिकेत ‘काळा कोंबडा’ हे इटालियन नाव वापरू नये. सिएनाला जिंकणारा पक्षी वकिलांपुढे टिकला नाही.

वाइनमधून जमीन बोलते, असं जाणकार मंडळी डोळे मिटून सांगतात. मला ते जरा मिळमिळीत वाटतं. इटलीत जमीन बोलत नाही, भांडते. डोंगर नदीशी, उतार उन्हाशी, हे गाव त्या गावाशी, आणि ते सगळं भांडण दर शरद ऋतूत बाटलीत भरून ठेवायची त्यांची पद्धत आहे.

नकाशा पाहिला तर त्यांना दोष देता येत नाही. त्या देशात सपाट जमीन जेमतेम चौथा हिस्सा. बाकी सगळा डोंगर आणि टेकड्या. वर आल्प्स आडवे, मधे आपेनाइन्सचा कणा उभा, त्याच्या बरगड्यांमध्ये दऱ्या, आणि दर दरीत एक गाव, एक घंटाघर, एक संत, एक चीज आणि एक द्राक्ष. पलीकडच्या दरीत जायला दिवस मोडायचा, तेव्हा पलीकडचं द्राक्ष इकडे यायचं नाही आणि आलंच तर त्याला कोणी चांगलं म्हणायचं नाही. इटली नावाचा एकसंध देश झाला १८६१ मध्ये, म्हणजे आपल्याकडे बोरघाटातून रेल्वे वर चढत होती त्या सुमारास. तोवर द्राक्षांनी आपापले सुभे कधीच वाटून घेतले होते. आजही पाचशेहून अधिक देशी जाती तिथं नांदतात. कोल्ह्याचं शेपूट, कबुतराचे लाल पाय अशा अर्थांची त्यांची नावं. रोमान्या भागातल्या एकीचं नाव ‘पागादेबित’, म्हणजे कर्ज फेडणारी. पाऊसपाणी कसंही असो, ही पिकते आणि सावकाराचं तोंड बंद करते. हे नाव मात्र निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला न शिकवता कळावं.

वाइन चाखण्यात माझी गती सामान्य आहे, हे इथंच सांगितलेलं बरं. बारोलो नावाच्या थोर वाइनला डांबर आणि गुलाब यांचा वास येतो असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. मी श्रद्धेनं नाक बुडवलं. गुलाब कुठेतरी लांबून गेल्यासारखा वाटला. डांबरासाठी आमच्या गल्लीत पावसाळ्याच्या तोंडावर उभं राहणं पुरतं. पण वाइनचे नकाशे मात्र मी तासन्‌तास वाचू शकतो. त्यांनी यकृताला काही होत नाही आणि बायकोही काही म्हणत नाही.

बारोलोचा नकाशा तर महाकादंबरी आहे. वायव्य इटलीत, आल्बा गावाच्या दक्षिणेला लांगे नावाच्या टेकड्या आहेत. तिथल्या अकरा गावांच्या हद्दीत नेब्बिओलो द्राक्षाची जी वाइन होते तिलाच बारोलो म्हणायचं. एवढ्यावर भागलं असतं तर ते लोक इटालियन कसले! २०१० साली त्यांनी या अकरा गावांतल्या प्रत्येक नावाजलेल्या टेकाडाची, उताराची, कडेची अधिकृत यादी केली. ती भरली १८१ नावांची. सातबाऱ्याच्या उताऱ्याला चव असती तर जे झालं असतं ते तिथं झालेलं आहे : वाइनचा घोट घेऊन ‘हे ओढ्याच्या वरच्या अंगाचं, खालच्या अंगाचं नव्हे’ असं सांगणारी माणसं आहेत, आणि ते नाकारायला शेजारी तयार आहेत.

आणि गंमत म्हणजे त्यात तथ्य आहे. या टेकड्या एके काळी समुद्राचा तळ होत्या. पश्चिमेच्या ला मोर्रा आणि बारोलो गावांकडची माती वयानं धाकटी, निळसर, चुनखडीमिश्रित चिकणमाती. तिथली वाइन सुवासिक, लवकर माणसांत येणारी. पूर्वेला सेर्रालुंगाकडचा थर जुना, घट्ट, वाळूच्या दगडाचा. तिथली वाइन तरुणपणी इतकी तुरट की जिभेवर सालपट फिरवल्यासारखं वाटतं. तिला वर्षानुवर्षं अंधारात ठेवावं लागतं. कायदाही तसा सबुरीचाच : बारोलो बाजारात यायच्या आधी अडतीस महिने मुरली पाहिजे, त्यातले अठरा लाकडात.

नेब्बिओलोचं द्राक्ष म्हणजे मानी प्रकरण. फुटतं सगळ्यांच्या आधी, पिकतं सगळ्यांच्या शेवटी. त्याला ऊन हवं आणि तेही नेमक्या उताराचं. जुन्या शेतकऱ्यांची परीक्षा साधी होती. हिवाळ्यात घराच्या ओट्यावरून बघायचं, कुठल्या उतारावरचं बर्फ आधी वितळतं. तिथं नेब्बिओलो. त्याखालोखालचा उतार बार्बेरा द्राक्षाला. वरची थंड, उन्हाला पारखी जागा दोल्चेत्तोला. आणि जो उतार थेट उत्तरेला तोंड करून बसलाय, ज्याच्यावर बर्फ उशिरापर्यंत तसंच पडून राहतं, तिथं द्राक्ष लावायचंच नाही. तिथं हेझलनटची झाडं. आता ही हेझलनट वाया गेली असं समजू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर कोकोचा तुटवडा होता, तेव्हा आल्बामधल्या फेरेरो नावाच्या मिठाईवाल्यानं त्यांची पेस्ट चॉकलेटमध्ये घातली आणि १९६४ साली त्यातून न्यूटेला निघालं. म्हणजे टेकडी एकच. तिचं तोंड दक्षिणेला असलं तर श्रीमंतांच्या तळघरात जायचं आणि उत्तरेला असलं तर जगभरातल्या पोरांच्या डब्यात.

तळघरातली श्रीमंती फार जुनी नाही. बेप्पे फेनोल्योची १९५४ सालची ‘ला मालोरा’ ही कादंबरी याच टेकड्यांवरच्या गड्याची गोष्ट आहे, आणि तिच्यात वाइनपेक्षा भूक जास्त आहे. १९७०च्या दशकात तिथल्या काही तरुण पोरांनी फ्रान्समध्ये बर्गंडीला चक्कर मारली, तिथल्या शेतकऱ्यांच्या गाड्या आणि घरं पाहिली, आणि परत येऊन बापांना विचारू लागली की आपण असे का? त्यांतल्या एलिओ आल्तारेनं १९८३ साली जे केलं ते आता लोककथा होऊन बसलं आहे. घरात पिढीजात, प्रचंड, जुनी लाकडी पिंपं होती. पोराचं म्हणणं, त्यांनीच वाइनचा घात होतो; बर्गंडीसारखी छोटी नवी पिंपं हवीत. बापाचं म्हणणं, माझ्या बापानं यातच केली. एके दिवशी आल्तारेनं यांत्रिक करवत आणली आणि पिंपं कापून काढली. बापानं त्याला वारसाहक्कातून बेदखल केलं. भाऊबंदकीत विहिरी बुजवल्याच्या आणि गंजी पेटवल्याच्या कथा आपण ऐकलेल्या असतात. पण चवीच्या प्रश्नावर करवत चाललेली ही एकच. या पोरांची वाइन अमेरिकेत गाजली, टेकड्यांवर पैसा आला. पुढच्या पिढीतल्या अनेकांनी मात्र ती छोटी पिंपं बाजूला सारून पुन्हा मोठी पिंपं आणली. आजोबांचंच बरोबर होतं म्हणे.

आमचे एक साडू निफाडकडे द्राक्षबागायतदार आहेत. खाण्याची द्राक्षं लावतात, स्वतः माळकरी, वाइनला बोट लावत नाहीत. २०२२ मध्ये किराणा मॉलमध्ये वाइन विकायची का यावरून महाराष्ट्रात जो गदारोळ झाला, वाइन ही दारू आहे की नाही यावर जे चर्चासत्र घरोघर चाललं, त्यात त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : ‘‘द्राक्षाला भाव किती देणार?’’ त्यांना मी बारोलोची महती सांगायला बसलो.

‘‘तिकडे हेक्टरी आठ टनांच्या वर माल घ्यायला कायद्यानं बंदी आहे,’’ मी म्हणालो.

साडूंनी मनात हिशेब केला. ‘‘म्हणजे एकरी सव्वातीन टन? साडूभाऊ, आम्ही दहा-बारा टन काढतो तेव्हा कुठं औषधाचा खर्च निघतो.’’

‘‘मुद्दाम घड कापून जमिनीवर टाकतात. उरलेल्यांत रस चांगला भरावा म्हणून.’’

‘‘विरळणी होय! ती आम्हीपण करतो,’’ ते म्हणाले. म्हातारी माणसं ते बघून कळवळली असतील, हेही त्यांनी न सांगता ओळखलं. लांगेत तसंच झालं होतं. भूक पाहिलेल्या पिढीला हिरवे घड मातीत पडलेले बघवत नव्हते.

मग त्यांनी जमिनीचा भाव विचारला. बारोलोतल्या चांगल्या बागेला हेक्टरी दहा लाख युरोंच्या वर पडतात, असं मी सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. ‘‘मग घड कशाला कापत बसायचं?’’ ते म्हणाले, ‘‘जमीनच विकून टाकायची.’’

एक गोष्ट त्यांना मनापासून हेवा वाटण्यासारखी होती. इटलीत थंडी पडली की वेल झोपतो. पानं गळतात, शेतकरी शेकोटीपाशी बसतो. आमच्याकडे वेलाला झोपच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे वर्षातून दोनदा कात्री लावून त्याला सांगावं लागतं की बाबा, आता ऊठ, नवीन वर्ष सुरू झालं. ‘‘वेल झोपला की शेतकरीपण झोपणार ना,’’ साडू म्हणाले.

इटलीचे पहिले दोन पंतप्रधान, कावूर आणि रिकासोली, दोघंही वाइनच्या मुलखातले जमीनदार. कावूर तर ग्रिंझाने या लांगेतल्या गावाचा महापौर होता आणि रिकासोलीनं १८७२ मध्ये कियांतीत कुठली द्राक्षं किती महत्त्वाची हे पत्रातून ठरवून टाकलं. ज्यांच्याकडे साखर कारखान्यातून मुख्यमंत्री निघतात त्या वाचकांना यात काही नवल वाटू नये.

पण रिकासोलीच्या तोस्कानाबद्दल एक गोष्ट सांगायची राहते. कॅलेंडरवर दिसणारी ती तोस्काना : टेकडीवर एकटं घर, सुरूसारखी उंच झाडं, बाजूला थोडी द्राक्षं, थोडं ऑलिव्ह, थोडा गहू. हे चित्र कोणी सौंदर्यदृष्टीनं काढलेलं नाही. ते अर्धेलीच्या कराराचं चित्र आहे. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं-निम्मं. कुळाला त्याच तुकड्यावर वर्षभर पोट भरायचं, म्हणून सगळंच थोडं थोडं लावायचं, आणि घर शेतातच, कारण मालकाला माणूस पिकाजवळ हवा. १९६४च्या कायद्यानं नवे करार बंद झाले, तोवर कुळं शहरांतल्या कारखान्यांकडे निघूनही गेली होती. रिकामी घरं पुढे इंग्रजांनी आणि जर्मनांनी घेतली आणि खिडक्यांना निळा रंग दिला. आता तिथं बसून ते निसर्गाबद्दल लिहितात.

उत्तरेला आल्प्सच्या कुशीत वाल्तेल्लीना नावाची दरी आहे. तिथं अद्दा नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे तिच्या उत्तरेकडची दरड दिवसभर दक्षिणेच्या उन्हात भाजत राहते. त्या उभ्या खडकावर लोकांनी दगडांच्या ताली रचल्या, पाठीवरून माती नेली आणि नेब्बिओलो लावला. सगळ्या ताली ओळीनं मांडल्या तर अडीच हजार किलोमीटर भरतात, असं सांगतात. त्यातल्या एका भाजक्या पट्ट्याचं नाव ‘इन्फेर्नो’. लेबलवर चक्क नरक लिहिलेली वाइन पाहुण्यांना देता येते, ही सोय मला फार आवडली. त्या उतारांवरून द्राक्षं खाली आणायला कधी कधी हेलिकॉप्टर वापरतात. आपल्याकडे तुकोबांना वैकुंठाला न्यायला विमान आलं. तिथं नरकातला माल आणायला येतं.

लिगुरियाच्या किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रेलाही अशाच ताली आहेत, फक्त खाली नदीऐवजी समुद्र. द्राक्षं आणायला एका रुळावरची दातेरी खेळण्यासारखी गाडी. पर्यटक तिचे फोटो काढतात. तालींचा फोटो कोणी काढत नाही, आणि बांधणारेही आता फारसे उरलेले नाहीत. पोरं तर केव्हाच शहरांकडे गेली. २५ ऑक्टोबर २०११ला पाऊस कोसळला तेव्हा वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो या गावांच्या गल्ल्यांत चिखल-दगडांचा लोंढा घुसला. वरच्या पडीक, ढासळलेल्या तालींनी तो आणखी वाढवला, असं पुढे पुष्कळांनी म्हटलं. वाइन परवडत नाही म्हणून डोंगर सोडला तर डोंगर खाली भेटायला येतो.

नेपल्सजवळ आवेर्सा इथं मात्र सगळं सपाट. तिथं वेल पॉप्लरच्या झाडावर चढवतात; पंधरा-पंधरा मीटर उंच. या रीतीला इटालियनमध्ये वेलाचं ‘लग्न’ म्हणतात, आणि ती एत्रुस्कन काळापासूनची. आपल्याला हे नवीन नाही. शाकुंतलात वनज्योत्स्ना नावाची नवमालिकेची वेल आम्रवृक्षाला वरते, आणि दुष्यंत आडून बघत असतो. फरक एवढाच की कालिदासाच्या वेलीला द्राक्षं नव्हती. आवेर्साचे लोक अरुंद शिडी लावून टोपल्या घेऊन वर जातात आणि जी वाइन करतात ती इतकी आंबट की मासळीवर लिंबू पिळावं लागू नये. एवढ्या उंचीवर चढून आंबट द्राक्षं काढणारे लोक मला कोल्ह्यापेक्षा नेहमीच थोर वाटतात.

बांध, हद्द, तालुका, उतारा या सगळ्याची खरी थट्टा होते ती सिसिलीत, एटना ज्वालामुखीच्या अंगावर. एटना तीन हजार तीनशे मीटरच्या वर उंच, आणि उंची नक्की किती हे कोणी छातीठोक सांगत नाही, कारण एटना स्वतःच दर काही वर्षांनी ती बदलते. स्थानिक लोक तिला बाईमाणूस मानतात. तिच्या उतारावर साधारण हजार मीटरपर्यंत द्राक्षं आहेत. काळ्या दगडांच्या ताली, जमिनीत सोटा रोवल्यासारखे ठेंगणे वेल, आणि माती म्हणजे चुरलेला लाव्हा. १९व्या शतकात फिलोक्सेरा नावाच्या किडीनं युरोपभरच्या द्राक्षांची मुळं खाल्ली. वाळूसारख्या मोकळ्या मातीत तिला हातपाय पसरता येत नाहीत, म्हणून एटनावर काही ठिकाणी शंभर वर्षांचे आणि त्याहून जुने वेल आपल्याच मुळांवर उभे आहेत. बाकी युरोप अमेरिकन मुळांवर कलम करून जगतो.

इथंही वाटण्या आहेतच. उतारांचे शंभराहून अधिक तुकडे, प्रत्येकाला नाव. पूर्वेचं मीलो गाव पावसाळी, तिथल्या कार्रिकान्ते द्राक्षाची पांढरी वाइन तेवढी ‘सुपेरिओरे’ म्हणवते; बाकीच्यांनी पांढरी केली तरी ती आपली साधीच. उत्तरेला रांदात्सोकडे लाल नेरेल्लो मास्कालेसे. पण इथं दोन शेजाऱ्यांच्या जमिनीत फरक मातीचा नसतो, सालाचा असतो. हा तुकडा अमुक शतकातल्या उद्रेकाचा, तो त्याच्या आधीचा. मधेच एक काळी, उघडीबोडकी जीभ, जिच्यावर फक्त पिवळी फुलं येणारी झुडपं : ती अलीकडची. तिथं द्राक्ष लावायला पणतूला यावं लागेल, किंवा त्याच्याही पणतूला.

मार्च १९८१ मध्ये रांदात्सोच्या बाजूला डोंगर फुटला. लाव्ह्यानं बागा, रस्ते, रेल्वेचे रूळ गिळले आणि गावाला चुकवून तो नदीकडे गेला. त्याआधी नोव्हेंबर १९२८ला मास्काली गाव जवळजवळ अख्खं गडप झालं होतं. नेरेल्लो मास्कालेसे याच मास्कालीच्या परिसरावरून नाव घेऊन मिरवतं. गाव गेलं, पुढे दुसरीकडे बांधलं गेलं, द्राक्ष राहिलं. कातानिया शहराची सांता आगाता तर आपल्या ग्रामदेवतेसारखीच; लाव्हा आला की तिचं वस्त्र आडवं धरायचं, ही फार जुनी वहिवाट. आता अशा जमिनीवर बांध कोरला म्हणून कोर्टात जाणाऱ्याची मला कीव येते, आणि तिथंही लोक जातच असणार याची खात्रीही वाटते.

साडूंना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘आपलाही लाव्हाच की.’’ खरं आहे. नाशिकचा डोंगर आणि त्याखालची काळी हे सगळं दख्खनच्या कातळातूनच आलेलं. फक्त आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला आणि तेव्हापासून त्यानं आपल्याला काही त्रास दिलेला नाही. त्रास द्यायला गारपीट आहे.

सिसिलीच्याही पलीकडे, ट्युनिशियाला जास्त जवळ असं पांतेल्लेरिया बेट आहे. तेही ज्वालामुखीचंच, पण तिथलं भांडण वाऱ्याशी. वारा इतका की उभं राहिलेलं काही टिकत नाही. म्हणून प्रत्येक वेलासाठी जमिनीत खळगा करतात आणि वेल त्यात दबा धरून बसतो, फांद्या जमिनीलगत पसरून. ऑगस्टच्या उन्हात तोडणी करायची ती कमरेत वाकून नाहीतर गुडघ्यांवर. ती झिबिब्बोची द्राक्षं उन्हात वाळवून, मग आंबणाऱ्या रसात घालून जी गोड वाइन होते तिला पास्सितो म्हणतात. तासगावच्या बेदाण्याच्या शेडपाशी उभं राहिलेल्या कोणालाही पहिली पायरी लगेच ओळखता येईल. २०१४ साली युनेस्कोनं वेल लावायच्या या पद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. खड्डे खणून जागतिक वारसा होता येतं ही बातमी आपल्या महापालिकांपासून जपून ठेवायला हवी.

त्याच बेटावर दगडांचे गोल बुरूज दिसतात, छप्पर नसलेले. आत शिरावं तर एकच झाड : संत्र्याचं नाहीतर लिंबाचं. वाऱ्यापासून एका झाडाला वाचवायला माणसांनी त्याच्याभोवती घर बांधलेलं. भिंतीवर रात्रीचं दव जमतं, त्याचं पाणी झाडाला होतं. गाय-म्हशीसाठी गोठा आपण समजू शकतो. लिंबाला वाडा?

अलीकडे या सगळ्या हिशेबात ऊन ढवळाढवळ करू लागलं आहे. बारोलोत पूर्वी नेब्बिओलोची तोडणी ऑक्टोबर उलटत आला की व्हायची, धुक्यात, हात चोळत. आता कैक वर्षी ती बरीच अलीकडे येते. जिथं बर्फ आधी वितळायचं ते दक्षिणेचे थोर उतार उन्हाळ्यात करपतात. साखर भरभर चढते, वास मागे राहतो. एटनावर काहीजण कायद्याच्या रेषेच्याही वर, गार हवेत वेल लावतात आणि लेबलवर डोंगराचं नाव न घालता विकतात. आणि लांगेत, ज्या उत्तर उतारांकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी ढुंकून बघितलं नाही, त्यांच्याकडे बारोलोवाल्यांची नजर वळली आहे. नियमात बसत नाही, म्हणून नियम बदलावा की नाही यावरून गावागावात पुन्हा वाजलं आहे. दक्षिण उताराच्या मालकांना पवित्र परंपरा आठवते. ज्याच्या आजोबाला वाटणीत थंड उतार आला आणि सगळे हसले, त्याला विज्ञान आठवतं.

साडूंना यातलं सगळ्यात आधी कळलं ते वेगळंच. ‘‘मग ती हेझलनट काढणार का?’’ त्यांनी विचारलं. काढली तर आहेत ना झाडं आसपास, मी म्हणालो, आणि न्यूटेलाला लागणारी हेझलनट आता तुर्कस्तानातूनही येतातच. पण नातवाला रोज पोळीवर तेच लागतं, तेव्हा त्यांनी वाण्याकडे निरोप धाडून दोन मोठ्या बाटल्या मागवून ठेवल्या.